चार ओळी, चूक एक

"चूक बँकेने केली, पण सिबिल माझं बिघडेल." सिबिल म्हणजे कर्जं-बिलं वेळेवर फेडतो की नाही यावरून मिळणारे गुण. समुपदेशनात हे वाक्य इतक्यांदा ऐकते की त्यावर एकदा सविस्तर लिहायलाच हवं. झोप उडाल्याची तक्रार घेऊन माणसं येतात आणि तिसऱ्या-चौथ्या भेटीत क्रेडिट कार्डाचं बिल बाहेर निघतं. अशा अनेक भेटींची मिळून ही एक गोष्ट. ओळख पटेल असं त्यात काही ठेवलेलं नाही.

एका शिक्षिकेने 18,640 रुपयांचं बिल मुदतीआधी पूर्ण भरलं होतं. दरम्यान बँकेने कार्ड बदलून दिलं. जुन्या क्रमांकावर आलेले पैसे नव्या खात्यात आपोआप वळतील, असं बँकेच्याच पत्रात होतं. ते वळले नाहीत. बाई कस्टमर केअरला फोन करत, '48 तासांत होईल' ऐकत, दोन दिवस बरे जात आणि पुन्हा धडधड सुरू. त्यात मुलाच्या शैक्षणिक कर्जाचा अर्ज तोंडावर आलेला.

"शेवटचं स्टेटमेंट कधी पाहिलंत?"

"रक्कम मेसेजमध्ये कळते ना मॅडम. पीडीएफ उघडायची हिंमतच होत नाही."

ज्या कागदाकडे बघायचं आपण टाळतो तो मनात वाढत जातो, यावर माझा ठाम विश्वास आहे. भीतीची कितीही समजूत घाला, ती जात नाही. ज्याची भीती वाटते त्याच्यासमोर जरा वेळ बसावं लागतं. म्हणून पुढच्या भेटीला मी स्टेटमेंट छापून आणायला सांगितलं.

त्यात नको असलेल्या चार ओळी होत्या: विलंब शुल्क 750, त्यावर जीएसटी 135, व्याज 790, त्यावर जीएसटी 142.20.

"18,640 वेळेवर जमा झाले असते, तर यातली कुठली ओळ राहिली असती?"

त्यांनी पेन्सिलीने एकेक ओळ खोडायला घेतली. चौथीवर हात थांबला. "एकही नाही," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. "म्हणजे चूक एकच आहे? मला वाटायचं रोज नवीन काहीतरी बिघडतंय."

त्यांची भेटीतली सगळी मेहनत या एका प्रश्नात फळाला आली, असं मी मानते. तक्रार करताना आपण सगळा मनस्ताप सांगत बसतो: किती फोन केले, कोण उद्धट बोललं. पलीकडच्याला मात्र दुरुस्त करायला एक नोंद हवी असते. बाईंनी तिथेच बसून मजकूर लिहिला: "अमुक तारखेला 18,640 रुपये एनईएफटीने भरले, यूटीआर क्रमांक हा. रक्कम जुन्या कार्ड क्रमांकावर अडकली आहे. ती मूळ तारखेनेच नव्या खात्यात जमा करावी आणि त्यामुळे लागलेले 1,817.20 रुपये परत करावेत."

यूटीआर म्हणजे बँकेने त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक. 'मूळ तारखेनेच' हे शब्द विसरू नका. पैसे आजच्या तारखेने वळवले, तर उशीर कागदोपत्री तसाच राहतो आणि व्याजही. सोबत पासबुकातली नोंद आणि बँकेचं पत्र जोडा. कार्डाचे शेवटचे चार अंक पुरतात. सीव्हीव्ही, ओटीपी कुणालाही नाही. तक्रार ईमेलने किंवा बँकेच्या अ‍ॅपमधून करा आणि तक्रार क्रमांक घ्या. नुसत्या फोनचा पुरावा आपल्या हातात राहत नाही.

"तोवर बिल भरू की नको?" हा प्रश्न हमखास येतो. रागाने अख्खं बिल थांबवू नका. वादातली रक्कम वगळून बाकी सगळं मुदतीत भरा. भरलेला आकडा किमान देय रकमेपेक्षा कमी नको. कर्जाचा अर्ज तोंडावर असेल, तर वादातली रक्कमही भरून टाका आणि 'तक्रार कायम ठेवून भरत आहे' असं लिहून कळवा. बाईंनी तेच केलं. पैसे भरले म्हणजे चूक कबूल केली असं होत नाही, हे त्यांना पटायला मात्र वेळ लागला.

रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बिलाबद्दल तक्रार आली, की बँकेने जास्तीत जास्त 30 दिवसांत खुलासा आणि गरज पडल्यास कागदोपत्री पुरावा द्यायचा असतो. थकबाकी क्रेडिट ब्युरोला, म्हणजे सिबिलसारख्या संस्थेला, कळवण्याआधी 7 दिवसांची सूचना द्यावी लागते, आणि वाद चालू असेल तर शक्यतो तो मिटल्यावरच थकबाकी कळवायची असते. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला शुल्क नाही. न केलेला खर्च बिलात दिसला तर मात्र गोष्ट वेगळी: आधी कार्ड ब्लॉक करा आणि 3 कामकाजाच्या दिवसांच्या आत कळवा.

बाईंना बँकेने आधी फक्त 750 परत केले. व्याज आणि दोन्ही जीएसटी राहिलेच. हे नेहमी होतं, म्हणून परताव्याची बेरीज स्वतः करून पाहावी. दुसरा ईमेल त्यांनी मला न विचारता पाठवला: "1,067.20 रुपये अजून येणे आहेत."