‘आईने एवढं केलं, आणि मला आठवते ती स्टोव्हची पिन!’

आई किंवा वडील गेल्यानंतर समुपदेशनाला येणाऱ्या चाळिशीच्या आसपासच्या माणसांकडून एक काळजी हमखास ऐकू येते. ‘माझं लहानपण फार मायेत गेलं, पण सांगायला बसलं की धड काही आठवत नाही. आठवतं ते सगळं फुटकळ. माझ्यातच काही खोट आहे का?’ पंचवटीत वाढलेल्या आणि आता इंदिरानगरला राहणाऱ्या एका ताईंची हकिगत या प्रश्नासाठी उपयोगी पडेल. ती त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून देत आहोत.

ताईंचा जन्म 1982 चा. वडील नाशिक रोडला प्रेसमध्ये, आई घरी शिवणकाम करायची, मोठे दोन भाऊ, शेजारच्याच वाड्यात आत्या. आईला जाऊन पाच महिने झाले होते. वर्षश्राद्धाला नातवंडांच्या हातात आजीविषयी चार पानं द्यायची असं भावंडांनी ठरवलं आणि लिहिण्याचं काम ताईंकडे आलं. ‘कागद घेऊन बसलं की डोळ्यांसमोर काय येतं, तर स्टोव्हची पिन. नाहीतर बुधवारच्या बाजारातून आणलेल्या कोथिंबिरीचं पिशवीतून ठिबकणारं पाणी. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, उडी मारून आलेल्या दादाचे आठवडाभर पिवळे राहिलेले कान. आईने माझ्यासाठी केलेलं मोठं असं काहीच आठवत नाही. अशी कशी मी विसरले तिला?’

ताई काही विसरल्या नव्हत्या. रोज जवळपास सारखंच घडणारं काम मेंदू दिवसावार वेगळं ठेवत नाही. शाळेच्या दहा वर्षांत आईने दोन हजारांहून अधिक डबे भरले असतील. त्या सगळ्यांचा मिळून एकच ठसा उरतो, ‘आई डबा भरायची’. सुटा प्रसंग टिकतो तो नेहमीचा क्रम मोडणारा, किंवा ज्यात वास, भीती, स्वतःच्या हाताने केलेलं काम मिसळलेलं असतं तो. साडेतीन वर्षांच्या आधीचं बहुतेकांना काहीच आठवत नाही आणि सहा-सात वर्षांपर्यंतचं तुरळकच आठवतं. म्हणजे ज्या घरात माया रोजची होती, तिथे ती माया ‘प्रसंग’ म्हणून फारशी सापडणारच नाही. आजारपण, भांडण, पूर असले दिवस मात्र ठळक राहतात. आठवणींच्या संख्येवरून प्रेमाचं माप काढायला गेलं की माणूस विनाकारण स्वतःला दोषी धरतो, आणि ताई नेमकं तेच करत होत्या.

त्यांना पहिली सूचना दिली ती चार पानं तूर्त बाजूला ठेवण्याची. ‘आईची सगळ्यात सुंदर आठवण कोणती?’ एवढ्या मोठ्या प्रश्नाला मन कोरंच राहतं. त्याऐवजी जुन्या घराचा नकाशा काढायला सांगितला. साधा कोरा कागद, पेन्सिल आणि एका बैठकीला एकच खोली. दार कुठे, मोरी कुठे, फडताळात वरच्या फळीवर काय, शिलाई मशीन कुणाकडे तोंड करून, रात्री कोण कुठे झोपायचं. वीस मिनिटं झाली की थांबायचं. त्यातून जे वर येईल ते पोस्टकार्डाएवढ्या कागदावर तीन-चार ओळींत लिहायचं. एका कार्डावर एकच आठवण, क्रम लावायचा नाही, शेवटी तात्पर्य काढायचं नाही. वय नक्की सांगता येत नसेल तर इयत्ता लिहायची. ती बहुधा बरोबर निघते, कारण वर्गशिक्षक आणि शाळेची खोली लक्षात असते.

स्वयंपाकघराच्या बैठकीत पिन पुन्हा आली. या वेळी ताईंना कृती क्रमाने लिहायला सांगितली. पितळी पंपाचा स्टोव्ह. बर्नरखालच्या वाटीत थोडं रॉकेल घालून ते पेटवायचं, बर्नर चांगला तापू द्यायचा, मग चावी आवळून पंप मारायचा. घाई केली तर रॉकेलची वाफ होत नाही आणि काजळी धरणारी पिवळी ज्योत वर उसळते. छिद्रात कचरा अडकला की पिन मारायची, आणि पिन धरून उभं राहणं हे तिसरीतल्या ताईंचं काम. लिहिता लिहिता पुढची ओळ आली: ‘आई उजव्या हाताने पंप मारायची आणि डावा हात माझ्या कपाळावर ठेवून मला मागे ढकलून धरायची. हाताला रॉकेलचा वास.’ ती ज्योत रोज पेटत होती, म्हणजे तो हातही रोज कपाळावर होता. ज्या आठवणीला ताई फुटकळ म्हणत होत्या तिच्यातच आई होती. वस्तूपाशी थांबून पुढचं-मागचं पाहिलं नव्हतं, एवढंच. आमच्या मते या कामातला हा सर्वांत मोलाचा भाग आहे. किरकोळ वस्तू आठवली तर ती झटकू नये. ती कुणाच्या हातात होती, तेव्हा आपण कुठे उभे होतो, कानावर काय पडत होतं, हे सावकाश विचारावं.

इथे चुका ठराविक होतात. रात्री उशिरा लिहायला बसलं की झोप जाते, म्हणून ही बैठक दिवसा घ्यावी आणि नंतर भाजी निवडण्यासारखं हाताचं काम ठेवावं. आल्बम आधी उघडू नये; फोटो पाहिला की आठवण फोटोच्या चौकटीत बसते आणि चौकटीबाहेरचं निसटतं. भावंडांना तर सुरुवातीला बोलावूच नये. जो आधी आणि ठासून सांगतो त्याचीच हकिगत बाकीच्यांच्या मनात उतरते. आधी एकट्याने लिहावं, मग एकमेकांची कार्डं वाचावीत, आणि आल्बम सगळ्यांत शेवटी.

कार्डं वाचायला बसले तेव्हा ताईंकडे खटका उडालाच. सिंहस्थातल्या साधूंची मिरवणूक वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिल्याचं त्यांनी लिहिलं होतं. थोरले दादा म्हणाले, ‘अगं, तो मी! 1980 चा सिंहस्थ, तुझा तर जन्मही नव्हता.’ पुढच्या, 1991-92 च्या सिंहस्थात ताई नऊ-दहा वर्षांच्या होत्या. त्या वयाच्या मुलीला कुणी खांद्यावर घेत नाही. घरात शंभरदा ऐकलेली गोष्ट मन स्वतःची म्हणून जपतं. हे खोटं बोलणं नव्हे, आणि विसरभोळेपणाची खूणही नव्हे. म्हणून कार्डाच्या कोपऱ्यात ‘पाहिलेलं’, ‘ऐकलेलं’ किंवा ‘फोटोतलं’ अशी नोंद करायची असते. ताईंनी ते कार्ड फाडायला घेतलं होतं. त्याऐवजी त्यावर ‘ऐकलेलं, बाबांकडून’ असं लिहून ठेवायला सांगितलं. बाबा ती गोष्ट किती वेळा आणि किती कौतुकाने सांगायचे, हेही त्यातून कळतंच.

ही पद्धत सर्वांसाठी नाही. ज्यांच्या घरात मारहाण किंवा अत्याचार होता, त्यांनी जुन्या घराचा नकाशा एकट्याने काढायला बसू नये. हे काम समुपदेशकासोबतच करावं. जवळचं माणूस जाऊन सहा महिने उलटले तरी दुःखाची धार तशीच असेल आणि रोजची कामं, जेवण, झोप रुळावर येत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

ताईंची आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिच्याकडून ऐकायचं राहिलं होतं. त्यासाठी सांगितलं की सकाळी चहानंतर अर्धा तास बसा, मोबाइल उशीवर ठेवून आवाज रेकॉर्ड करा, आणि आधी तिच्या हातात घरातली एखादी जुनी वस्तू द्या. ‘आई कडक होती का?’ असं विचारलं तर ‘हो’ म्हणून विषय मिटतो. ‘आई शिवायला बसायची तेव्हा तुम्ही काय करायचात?’ असं विचारलं की बोलणं चालू होतं. मध्येच दुरुस्ती करायची नाही. साल चुकलं तरी चुकू द्यायचं. रेकॉर्डिंगला तारीख घालून ते तिन्ही भावंडांच्या फोनवर ठेवायचं. ताईंनी आत्याच्या हातात स्टोव्हची पितळी टाकी दिली. आत्याचं पहिलंच वाक्य होतं, ‘वहिनीचा हात भाजला होता त्या दिवशी’. हे ताईंना ठाऊकच नव्हतं, आणि त्यांनी नवं कार्ड घेतलं.