दोन सेंटचा चेक

सप्रेम नमस्कार.

अमेरिकन कामगार चळवळीवरचे तुझे टिपण काल दुसऱ्यांदा वाचले. मेहनत दिसते, परंतु कारखानदार जॉर्ज पुलमन खलनायक आणि कामगार नेता युजीन डेब्झ नायक, अशी वाटणी पहिल्याच पानावर करून टाकल्यामुळे पुढे शोधण्यासारखे काही उरत नाही. माणसांचे स्वभाव तूर्त बाजूला ठेव आणि हिशेबाच्या वह्या उघड.

शिकागोच्या दक्षिणेला पुलमनने 1880 पासून रेल्वेचे डबे बांधणारा कारखाना आणि त्याला लागून कामगारांसाठी अख्खे गाव वसवले. विटांची नेटकी घरे, वाचनालय, बाजार, सारे काही होते. घरमालक मात्र कंपनीच. 1893 च्या मंदीत कंपनीने मजुरी सरासरी पाव हिश्शाने उतरवली आणि घरभाडे होते तेवढेच ठेवले, कारण मजुरीचा आणि भाड्याचा परस्परांशी काही संबंध नाही, अशी पुलमनची भूमिका होती. तिथले मेथडिस्ट पाद्री विल्यम कारवार्डाइन यांनी एका कामगाराबद्दल लिहून ठेवले आहे, की भाडे वळते होऊन हाती आलेला दोन सेंटचा चेक त्याने वटवलाच नाही, फ्रेम करून जपून ठेवला. तुझ्या पंधरा पानांत हा चेक कुठेच नाही. माझ्या मते सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

मे 1894 मधला संप, डेब्झच्या अमेरिकन रेल्वे युनियनचा पुलमनच्या डब्यांवरचा बहिष्कार, गाड्या थांबून टपाल अडते म्हणून आलेला कोर्टाचा मनाई हुकूम आणि पाठोपाठ आलेले सैन्य, हे तू नीट मांडले आहेस. त्याला हात लावू नकोस.

मात्र त्याच युनियनने, डेब्झचा विरोध असतानाही, कृष्णवर्णीयांना सभासदत्व नाकारले होते, हे तुझ्याकडून सुटले. पुलमनच्या डब्यांत बिछाने घालणारे, बूट पुसणारे पोर्टर बहुतांशी कृष्णवर्णीयच होते आणि प्रवासी त्यांना सरसकट 'जॉर्ज' म्हणत, म्हणजे मालकाच्याच नावाने. त्यांची संघटना 1925 मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. कंपनीने तिच्याशी करार करायला मात्र 1937 उजाडले, तेव्हा कुठे महिन्याचे सुमारे 400 तासांचे काम 240 वर आले. तुझ्या टिपणात रँडॉल्फ एकदम 1963 च्या, नागरी हक्कांसाठीच्या वॉशिंग्टन मोर्चातच अवतरतात!

1894 च्या सरकारी संप-चौकशी आयोगाचा अहवाल आधी वाच. निष्कर्ष नंतर, साक्षी आधी. भाड्याबद्दल कोण काय म्हणाले, तेवढे उतरवून रविवारी घेऊन ये.

कळावे, लोभ असावा.