इंग्रजीत सांत्वन करताना 'सॉरी' म्हटलं तर ती माफी होते का?

ऑफिसातल्या सहकाऱ्याची आई गेली, त्याला 'सॉरी' लिहिलं तर माफी मागितल्यासारखं वाटेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही वाटणार. खुशाल लिहा.

या एका शब्दावरून आमच्या घरात अजून भांडण आहे. अण्णा गेले तेव्हा मी पुण्यातून आयर्लंडच्या एका ऑफिसचे हिशेब बघत होते. तेराव्यानंतर कामाला बसले आणि तिथल्या बाईंचा फोन आला. आधी गप्पच होत्या, मग एवढंच म्हणाल्या, "सॉरी फॉर युअर ट्रबल." स्पीकर चालू होता. शेजारी बसलेला दादा उसळला, "बाप गेला तो ट्रबल? आणि सॉरी कशाला, हिने काय केलं?"

आयर्लंडात मयताच्या घरी लोक हात हातात घेऊन नेमकं हेच म्हणतात, हे मला नंतर कळलं. सॉरीचं मूळही 'सोअर', म्हणजे दुखरं, या शब्दाशी जुळतं. माफीचा अर्थ मागाहून आला.

तीन आठवड्यांनी टपालाने कार्ड आलं. साधं, पांढरं. निळ्या शाईत दोन ओळी: फोनवर तुझ्या मागे बाबांचा रेडिओ ऐकू यायचा, आता तो आठवत राहील. दुपारच्या बातम्या अण्णा मोठ्याने लावायचे, मी कितीदा ओरडलेय त्यावरून. भेटायला इतकी माणसं आली, रेडिओचं नाव कुणी काढलं नव्हतं.

म्हणून सांगते, 'आर आय पी' पाठवू नका. ती तीन अक्षरं गेलेल्यासाठी आहेत, मागे राहिलेल्याशी ती बोलतच नाहीत. 'एक्सपायर्ड' तर नकोच, ते औषधाच्या पट्टीवर असतं. 'पास्ड अवे' म्हणा. 'ॲट लीस्ट'ने सुरू होणारं काहीही लिहू नका. 'आय ॲम सो सॉरी अबाउट युअर मदर' आणि त्यांची एखादी आठवण असेल तर ती. बास.

दादा म्हणतो, इंग्रजीत माया नाही, सगळी ठरलेली वाक्यं. अरे, 'ईश्वर मृतात्म्यास शांती देवो' हे तरी कोण स्वतः रचतं? अशा वेळी कुणाला काय सुचतं?

हां, साहेबांना लिहायचं असेल तर 'प्लीज ॲक्सेप्ट माय कंडोलन्सेस' बरं. कुणाची नोकरी गेली, तर 'सॉरी टू हिअर दॅट' पुरे. 'ट्रबल' मात्र आयरिश माणसापुरतंच ठेवा.

कार्ड अण्णांच्या रेडिओखाली ठेवलंय. दादाला दोनदा दिलं, त्याने अजून उघडलेलं नाही.