वेळकाढूपणाने विधेयक अडतं का?

प्रश्न : सभागृहाचं थेट प्रक्षेपण मी आवडीने पाहतो. एखादा सदस्य तासन्‌तास तेच ते बोलतो, जुने कायदे वाचून दाखवतो. याने विधेयक खरंच अडतं, की नुसता देखावा असतो? – एक वाचक

उत्तर : अडतं, पण बोलणाऱ्याच्या दमावर नाही, समोरच्याला घाई किती आहे त्यावर. मी निवृत्त होईपर्यंत विधिमंडळात प्रतिवेदक होतो. भाषणं शब्दन्‌शब्द टिपून घेणं हेच काम, त्यामुळे वेळकाढू भाषण मला कानांनी कळतं. ज्याला खरंच काही सांगायचं असतं, त्याला मध्ये कोणी टोकलं की राग येतो. वेळ काढणारा मात्र खूश होतो. घोटभर पाणी पिऊन होतं आणि उत्तराच्या निमित्ताने पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येतं.

इ.स.पू. 60 मध्ये रोमन सेनापती सीझरला शहराबाहेर राहूनच निवडणुकीला उभं राहायची परवानगी हवी होती, कारण आत पाऊल टाकलं की विजययात्रेचा हक्क जायचा. त्याचा विरोधक कॅटो रोमच्या सिनेटमध्ये दिवस मावळेपर्यंत बोलत राहिला. अंधार पडला की बैठक संपायची आणि अर्जाची मुदत तर दारात. सीझरला विजययात्रेवर पाणी सोडून शहरात यावं लागलं. (निवडून तो आलाच, ते सोडा.)

याउलट 1957 साली अमेरिकी सिनेटर स्ट्रॉम थर्मंड नागरी हक्क विधेयकाविरुद्ध 24 तास 18 मिनिटं उभे राहिले, राज्याराज्यांचे निवडणूक कायदे वाचत बसले. त्यांचं भाषण आटोपल्यावर काही तासांतच विधेयक मंजूर झालं. मुदत कशाचीच संपत नव्हती, मग अडणार काय?

भाषणापेक्षा चिवट हत्यार म्हणजे दुरुस्त्या. भाषण थांबवता येतं, पण दुरुस्ती रीतसर दाखल झाली की सहसा तिचा निकाल लावावाच लागतो. 1997 साली कॅनडातल्या ओंटारिओत टोरोंटोच्या नगरपालिका एकत्र करण्याच्या विधेयकाला विरोधकांनी हजारो दुरुस्त्या दिल्या, जवळजवळ रस्त्यागणिक एक. दिवसरात्र त्याच निकालात काढत बसावं लागलं. तेही विधेयक शेवटी झालंच.

त्यामुळे भाषण किती लांबलं ते मोजू नका, अधिवेशन कधी संपतंय ते पाहा.

आणि फार ताणलं तर अंगाशीही येतं. 1881 मध्ये आयरिश सदस्यांनी ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभागृहाची बैठक सलग 41 तास लांबवली. शेवटी अध्यक्ष ब्रँड यांनी, नियमात तशी सोय नसताना, चर्चा तोडून प्रश्न मताला टाकला. पुढच्याच वर्षी चर्चाबंदीचा रीतसर नियम झाला, आणि तो सगळ्यांनाच लागू पडला.