‘फर्स्ट प्रेस्बिटेरियन चर्च’ मधलं ‘फर्स्ट’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न थोडक्यात असा होता : मुलाकडे ओहायोला गेल्यावर आसपासच्या लहान लहान गावांत मेन स्ट्रीटवर ‘फर्स्ट प्रेस्बिटेरियन चर्च’ अशी पाटी दिसते, मग सगळीच ‘पहिली’ कशी? एका ठिकाणी तर इमारत अगदी अलीकडची आणि पाटीवर साल मात्र एकोणिसाव्या शतकातलं, हे कसं? आणि ‘प्रेस्बिटेरियन’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रेस्बिटेरियन हा ख्रिस्ती धर्मातला एक प्रोटेस्टंट पंथ, आणि ‘फर्स्ट’ म्हणजे त्या गावातली, त्या पंथाची पहिली मंडळी. देशातली नाही, राज्यातलीही नाही. म्हणून प्रत्येक गावाला आपापली ‘फर्स्ट’ असते, आणि ‘फर्स्ट बॅप्टिस्ट’, ‘फर्स्ट मेथडिस्ट’ या पाट्याही त्याच हिशोबाने लागलेल्या असतात.

मी मुद्दाम ‘मंडळी’ म्हटलं, कारण सगळी गुरुकिल्ली त्या शब्दात आहे. इंग्रजीत ‘चर्च’ म्हणजे इमारत पण आणि तिथे जमणारी माणसंही, आणि आपण मराठीत चर्च ऐकलं की डोळ्यासमोर मनोरा आणि घंटाच येते. पण आपल्याकडच्या मराठी ख्रिस्ती लोकांच्या बोलण्यात हा फरक आधीपासून अगदी स्वच्छ आहे, माणसांची ती मंडळी, तिला सांभाळणारा तो पाळक, आणि इमारत ती वेगळी. तेव्हा पाटी मनातल्या मनात ‘पहिली प्रेस्बिटेरियन मंडळी’ अशी वाचा, तुमचा दुसरा प्रश्न तिथेच सुटतो. साल मंडळीचं आहे, भिंतींचं नाही. लाकडी इमारत जळते, विटांची लहान पडते, रस्ता रुंद होतो, मंडळी उठून दुसरीकडे जाते आणि नाव सोबत नेते.

न्यूयॉर्कची ‘फर्स्ट प्रेस्बिटेरियन’ बघा ना. मंडळी 1716 ची, पहिली इमारत वॉल स्ट्रीटवर 1719 मध्ये बांधली, पुढे तो सगळा भाग धंद्यापाण्याचा झाला आणि घरं उत्तरेकडे सरकली तशी मंडळीही सरकली, 1846 मध्ये फिफ्थ अव्हेन्यूवर आत्ताची इमारत उभी राहिली. मग 1918 मध्ये आणखी दोन मंडळ्या तिच्यात विलीन झाल्या. तरी नाव ‘फर्स्ट’च, लोक तिला ‘ओल्ड फर्स्ट’ म्हणतात.

आता आकडेच का? तर प्रेस्बिटेरियन लोकांनी सुरुवातीच्या काळात संतांची नावं देणं सहसा टाळलं, संत अमुक संत तमुक हे त्यांना रोमन कॅथलिक किंवा अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, वळणाचं वाटायचं. मग उरलं काय, तर ओढ्याचं नाव, रस्त्याचं नाव, नाहीतर अनुक्रमांक. आणि हे अनुक्रमांक नीट वाचले तर गावाचा इतिहास कळतो, कारण ‘सेकंड’ ही पुष्कळदा भांडणातून निघालेली असते! फिलाडेल्फियात 1743 मध्ये ‘सेकंड’ निघाली ती त्या काळच्या धर्मजागृतीच्या लाटेवर, नव्या जोशपूर्ण प्रवचनांच्या बाजूचे लोक बाहेर पडले आणि त्यांची वेगळी मंडळी झाली. इंडियानापोलिसची ‘सेकंड’ 1838 ची, तिच्यामागे आदल्या वर्षी अख्ख्या पंथात पडलेली ‘ओल्ड स्कूल’ आणि ‘न्यू स्कूल’ अशी फूट होती. त्या फुटीत धर्मशास्त्र होतं, इतर पंथांबरोबर किती मिळून काम करायचं हा वाद होता, आणि गुलामगिरीचा प्रश्नही आतून धुमसत होताच. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं तेव्हा उत्तर-दक्षिण अशी फूट पडली ती मुख्य प्रवाहात सांधली गेली थेट 1983 मध्ये, म्हणजे सव्वाशेच्या जवळपास वर्षांनी.

शिकागोची ‘फोर्थ’ मात्र भांडणातून नाही, जोडणीतून आलेली. नॉर्थ आणि वेस्टमिन्स्टर या दोन मंडळ्या 1871 मध्ये एक झाल्या, आणि 8 ऑक्टोबरच्या रविवारी एकत्र उपासना केली, त्याच रात्री शिकागोची ती प्रसिद्ध आग लागली आणि चर्च खाक झालं. आज मिशिगन अव्हेन्यूवर उंच टॉवरांच्या मधोमध जी दगडी ‘फोर्थ प्रेस्बिटेरियन’ दिसते ती 1914 ची.

एक सावधगिरी, सगळे आकडे अनुक्रमांक नसतात. न्यूयॉर्कची ‘फिफ्थ अव्हेन्यू प्रेस्बिटेरियन’ पाचवी नाही, तो रस्ता आहे, आणि वॉशिंग्टनची ‘फिफ्टीन्थ स्ट्रीट प्रेस्बिटेरियन’ ही पण तशीच. या दुसरीबद्दल दोन वाक्यं जास्त लिहितो कारण ती मला फार महत्त्वाची वाटते. 1841 मध्ये कृष्णवर्णीयांनी उभी केलेली ही मंडळी, पहिले पाळक जॉन कुक स्वतः गुलामगिरीत जन्मलेले आणि पेशाने शिक्षक, आणि 1870 मध्ये याच चर्चच्या तळघरात कृष्णवर्णीय मुलांसाठी हायस्कूल सुरू झालं, तेच पुढे डनबार हायस्कूल म्हणून नावाजलं. चर्च म्हणजे फक्त रविवारची प्रार्थना एवढंच डोक्यात असेल तर गावात अशा इमारतीला एवढा मान का हे कळणार नाही, शाळा तिथे, सभा तिथे, अडल्यानडल्याला मदत तिथे.

आणि ‘फर्स्ट’चा सगळ्यात हृद्य वापर मला विचाराल तर फिलाडेल्फियाची ‘फर्स्ट आफ्रिकन प्रेस्बिटेरियन’, 1807 ची. गावात ‘फर्स्ट’ आधीच होती, तरी यांची ‘फर्स्ट’ वेगळी आणि तितकीच खरी, कारण कृष्णवर्णीयांची प्रेस्बिटेरियन मंडळी देशात त्याआधी नव्हतीच, म्हणजे इथे ‘पहिली’ हा शब्द गावाच्या हद्दीबाहेरही खरा ठरतो. तिचे पाळक जॉन ग्लॉस्टर टेनेसीत गुलाम होते, स्वतः मुक्त झाल्यावर जागोजाग प्रवचनं देऊन त्यांनी पैसे जमवले आणि बायकोमुलांची सुटका विकत घेतली.

आता ‘प्रेस्बिटेरियन’. मूळ ग्रीक ‘प्रेस्बुतेरोस’, म्हणजे वयाने-मानाने मोठा, आणि मराठी बायबलमध्ये त्याला ‘वडील’ हाच शब्द आहे, ‘मंडळीचे वडील’. इंग्रजीत एल्डर. म्हणजे पंथाचं नाव देवावरून नाही, संस्थापकावरूनही नाही, कारभाराच्या पद्धतीवरून पडलंय. बिशप नाही. मंडळीच आपल्यातले एल्डर निवडते, ते आणि पाळक मिळून ‘सेशन’, आसपासच्या मंडळ्यांची मिळून ‘प्रेस्बिटरी’, तिच्यावर ‘सिनॉड’ आणि सगळ्यात वर ‘जनरल असेंब्ली’. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडहून आलेल्या लोकांनी ही पद्धत अमेरिकेत रुजवली, पहिली प्रेस्बिटरी फिलाडेल्फियात 1706 मध्ये भरली आणि पहिली जनरल असेंब्ली 1789 मध्ये, ज्या वर्षी जॉर्ज वॉशिंग्टन अध्यक्ष झाले त्याच वर्षी.

या एल्डरांचा दरारा कसा असायचा त्याची एक वस्तू म्युझियममध्ये बघायला मिळते, कम्युनियन टोकन. शिशाचा छोटा तुकडा, नाण्यासारखा, त्यावर बहुतेकदा पाळकाची किंवा गावाची आद्याक्षरं आणि साल. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकरी आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या (इंग्रजीत कम्युनियन), आधी पाळक आणि एल्डर माणसाची चौकशी करायचे, वागणूक ठीक, भांडणतंटा नाही, दारूची तक्रार नाही, तर टोकन हातात, आणि ते दाखवल्याशिवाय त्या टेबलापाशी बसता यायचं नाही. मंडळी म्हणजे कोण हे असं हातात धरता येण्याइतकं स्पष्ट होतं.

मराठीत नाव लिहायचं झालं तर ‘फर्स्ट प्रेस्बिटेरियन चर्च’ हे विशेषनाम, ते तसंच ठेवा, ‘पहिले वडीलशाही चर्च’ वगैरे करू नका, कुणाला कळणार नाही. अर्थ सांगताना ‘गावातली पहिली प्रेस्बिटेरियन मंडळी’ म्हणा. हा शब्द महाराष्ट्राला परका नाहीच मुळी, कोल्हापुरात 1852 मध्ये रॉयल वाइल्डर यांनी सुरू केलेलं मिशन 1870 मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेलं, आणि मिरजेचं वानलेस हॉस्पिटल ज्यांनी 1894 मध्ये उभं केलं ते डॉ. विल्यम वानलेस याच बोर्डाने पाठवलेले. मिरज-कोल्हापूरकडच्या जुन्या ख्रिस्ती घरांत ‘प्रेस्बिटेरियन’ अगदी सहज बोलला जातो.

पुढच्या वेळी ओहायोला गेलात की पाटीवरचं साल आणि इमारतीच्या कोपऱ्यातल्या पायाच्या दगडावरचं साल दोन्ही बघा. त्यांत अंतर असेल तर आत ऑफिसमध्ये बिनधास्त विचारा की आधीची इमारत कुठे होती आणि तिचं काय झालं, जुन्या मंडळ्यांकडे सेशनची इतिवृत्तं जपलेली असतात आणि दाखवायला लोक उत्सुक असतात. आणि गावात ‘सेकंड’ असेल तर ती का निघाली हे पण विचाराच, उत्तर मिळालं तर इथे नक्की लिहा.