एजंटचे बारा महिने आणि कायद्याची दोन वर्षं

प्रश्न (पुण्याचे एक वाचक): माझ्या हॅचबॅकला मी बाजारातून आणलेलं स्पोर्ट्स स्टिअरिंग बसवलं. मूळचं एअरबॅगवालं स्टिअरिंग काढावं लागलं. पावसाळ्यात सोसायटीसमोर उभ्या असलेल्या गाडीवर झाड पडलं. दुरुस्तीला १ लाख ८५ हजार लागले. विमा कंपनीने ‘अनधिकृत बदल’ असं कारण देऊन क्लेम नाकारला, त्याला २१ महिने झाले. एजंट आधी ‘बघतो’ म्हणत राहिला. आता म्हणतो, नकारानंतर १२ महिन्यांत कोर्टात न गेल्यास क्लेम सोडून दिला असं धरतात, पॉलिसीतच तसं छापलंय. खरं का? आणि विमा लोकपालांकडे (विम्याच्या तक्रारी सोडवणारी यंत्रणा) जावं का?

उत्तर: पॉलिसीत तसं छापलेलं असेल, जुन्या मोटार पॉलिसींत ती अट असायचीच. पण तिच्यामुळे तुमचा हक्क बुडत नाही. करार कायद्याच्या कलम २८मध्ये १९९७ पासून स्पष्ट आहे की, ठरावीक मुदत उलटली म्हणून एखाद्याचा हक्कच संपवणारी अट तेवढ्यापुरती रद्दबातल असते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९च्या कलम ६९नुसार तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षं मिळतात. तुमच्या बाबतीत ते कारण म्हणजे नकाराचं पत्र. म्हणजे तुमच्याकडे जेमतेम तीन महिने उरलेत.

सायलेन्सर, रुंद टायर, जादा दिवे, स्टिअरिंग यांवरून क्लेम अडकल्याची पत्रं मला सतत येतात. सगळ्यांत बदलाबद्दल पानंच्या पानं असतात आणि पत्राची तारीख कुठेतरी शेवटी. तुम्हीही तेच केलंत. २१ महिन्यांत कंपनीला एक ओळ लेखी पाठवली नाहीत, नुसते एजंटला फोन केलेत. एजंटला केलेल्या फोनने मुदत एका दिवसानेही वाढत नाही. उशीर माफ करण्याचा अधिकार ग्राहक आयोगाला आहे, पण ‘एजंटने थांबायला सांगितलं’ हे कारण पुरेसं मानलं जाईल यावर मी तरी विसंबणार नाही.

विमा लोकपालांकडे जावं का, असंही तुम्ही विचारलंत. तिथे फी नाही. पण आधी कंपनीला लेखी निवेदन द्यावं लागतं आणि उत्तर आलं नाही तर महिनाभर थांबावं लागतं. तोवर तुमचे तीन महिने निघून जातील. सरळ जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात ती करता येते. फी तुम्ही भरलेल्या रकमेवर ठरते, दाव्याच्या रकमेवर नाही. ५ लाखांपर्यंत ती शून्य आहे आणि तुमचा हप्ता त्याच्या कितीतरी आत असणार. वकील लावायलाच हवा असं नाही. निकाल मात्र लवकर मिळेल अशी आशा धरू नका. समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल लावावा असं कायदा म्हणतो, आणि त्याच आयोगात मी अशिलांना तारखांमागून तारखा घेताना वर्षानुवर्षं पाहते आहे. म्हणून पहिल्याच दिवशी सगळी कागदपत्रं जोडा: पॉलिसी, नकाराचं पत्र, सर्व्हेअरचा (नुकसानाची पाहणी करणाऱ्याचा) अहवाल, गॅरेजची बिलं, पडलेल्या झाडाचे फोटो आणि अग्निशमन दलाने झाड हटवलं असेल तर त्या वर्दीची नोंद.

मुद्दा एकच मांडा. गाडी उभी होती, इंजिन बंद होतं, झाड वरून पडलं. स्टिअरिंग कुठलंही असतं तरी टप तसाच चेपला असता. नितीन खंडेलवाल प्रकरणात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने गाडीच्या चोरीच्या बाबतीत म्हटलं की, नुकसानाशी संबंध नसलेल्या अटीच्या भंगावरून क्लेम साफ नाकारता येत नाही. तिथे ७५ टक्के रक्कम कायम झाली. तुम्हालाही पूर्ण रकमेऐवजी तेवढीच मिळण्याची शक्यता मी धरून चालेन. तुमचं झाड आणि ती चोरी आयोग एका मापाने मोजेल अशी खात्री मात्र देता येत नाही.

स्टिअरिंग बदलणं बेकायदा आहे का, यावर मी ठाम उत्तर देणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मध्ये ‘बदल’ म्हणजे गाडीचं मूलभूत वैशिष्ट्य पालटणारा रचनेतला फेरफार. स्टिअरिंगचं चाक त्यात बसत नाही, असा युक्तिवाद करता येतो. पण २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ रचनेपासून फारकत घेणाऱ्या बदलांबाबत कडक भूमिका घेतली, आणि कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय तुम्ही एअरबॅगच काढून टाकलीत. झाडाच्या क्लेममध्ये याने बिघडलं नसेल, पण उद्या समोरासमोर धडक झाली तर तुमच्या छातीपुढे काहीच नसेल. मूळचं स्टिअरिंग घरात पडलं असेल तर या आठवड्यात अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये एअरबॅगसकट बसवून घ्या, बिल जपा, पण तक्रारीत बदल लपवू नका. सर्व्हेअरने तो आधीच लिहून ठेवला आहे.

पत्र कधी हाती पडलं हे सिद्ध करायला पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का उपयोगी पडेल. तरीही दोन वर्षं पत्रावरच्या तारखेपासूनच मोजा आणि शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नका.