जर्मनीच्या दोषाविषयी वाद घालण्यापूर्वी
दोन्ही महायुद्धांचा दोष एकाच तराजूत तोलू नका, ही माझी पहिली विनंती आहे. १९३९ बाबत वादाला फारशी जागा नाही. पोलंडवरचे आक्रमण हिटलरने ठरवून केले. १९१४ चे तसे नाही. जुलैच्या आरंभी बर्लिनने (जर्मनीने) व्हिएन्नाला, म्हणजे ऑस्ट्रियाला, बिनशर्त पाठिंबा दिला हे खरे, परंतु सर्बियाला धडा शिकवण्याचा ऑस्ट्रियाचा हट्ट आणि रशियाची सैन्याची जमवाजमव यांचाही हिशेब मांडावा लागतो. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीशी झालेल्या व्हर्सायच्या तहातील २३१ वे कलम मुळातून वाचा. त्यात ‘अपराध’ हा शब्द नाही, तर नुकसानभरपाईसाठी जबाबदारी निश्चित केलेली आहे.

पहिल्या महायुद्धातील जर्मनीच्या पराभवाविषयी मात्र ठाम राहा. ‘सैन्य हरले नव्हते, घरच्यांनीच पाठीत खंजीर खुपसला’ असे कोणी म्हणाले, तर २९ सप्टेंबर १९१८ ही तारीख पुढे ठेवा. त्या दिवशी बेल्जियममधील स्पा येथील लष्करी मुख्यालयात खुद्द जर्मन सेनापती लुडेनडॉर्फनेच तातडीने युद्धबंदी मागण्याचा आग्रह धरला होता. नोव्हेंबरमध्ये फ्रान्समधील काँपिएन्यच्या जंगलात, रेल्वेच्या डब्यात, युद्धबंदीवर सही करायला शिष्टमंडळाचा प्रमुख म्हणून गेला तो एर्झबर्गर, एक मुलकी पुढारी. सेनापती मागेच राहिले. १९२१ मध्ये अतिरेकी राष्ट्रवाद्यांनी एर्झबर्गरचा खून केला, आणि हे वाचताना मला आजही चीड येते.